हिच्या लॅपटॉपची सत्यप्रत

मी एकतीस वर्षं अभिलेख विभागात नोकरी केली. काम एकच. मूळ कागद डाव्या हाताला, त्याची प्रत उजव्या हाताला, पट्टी धरून ओळ न् ओळ ताडून पाहायची आणि मग प्रतीवर शिक्का मारायचा: ‘सत्यप्रत’. खाली माझी सही. एका स्वल्पविरामासाठी मी लोकांना तीन-तीन वेळा परत पाठवलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत वाचून कुणीही म्हणेल की या गृहस्थाला प्रत म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. माहीत होतं. तेच नडलं.

लॅपटॉप हिचा. ही जाऊन चौदा महिने झाले. जेवणाच्या टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला तो असायचा, अजून तिथेच आहे. या चौदा महिन्यांत मी तो एकदाही बंद केला नव्हता. झाकण मिटायचो, उघडायचो. तेवढ्याला तो काही विचारत नसे. पण पूर्ण बंद करून चालू केला की पासवर्ड मागायचा, आणि पासवर्ड एकट्या हिला ठाऊक होता.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. छत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोचा पासवर्ड माहीत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तसा मला तिच्या चपलेचा नंबरही माहीत नव्हता, पण तो विचारणारं यंत्र घरात नव्हतं.

तर लॅपटॉप जागा ठेवणं हे माझं कामच होऊन बसलं. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे वायर सुटली की संपलं. मी यूपीएस आणला. वीज गेली की तो किंचाळायचा आणि मी अंगाला साबण तसाच ठेवून न्हाणीघरातून धावत यायचो. रोज सकाळी पडद्यावर एक चौकट येई: यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. खाली दोन बटणं, एक ‘आत्ता’ आणि एक ‘नंतर आठवण करा’. चौदा महिने मी रोज ‘नंतर आठवण करा’ दाबलं. नोकरीत असतानाही एखादं प्रकरण मी इतक्या निष्ठेने पुढे ढकललं नव्हतं.

मुलगी दूर असते. ती फोनवर म्हणायची, “बाबा, आईच्या फाइली मी सगळ्या घेतल्यात. तुझ्याकडे पेनड्राइव्हवर आहेत. आता तो डबा टाक आणि नवीन घे.”

फाइली होत्या, खरं आहे. पण कपडे गाठोड्यात बांधले की कपडे राहतात, कपाट राहत नाही. हिच्या पडद्यावर दीडशेच्या वर फोल्डर होते, एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखे. ते कुठल्या हिशोबाने लावले होते ते तिलाच ठाऊक. पण विजेचं बिल उजवीकडे खाली आणि डॉक्टरांचे कागद वरच्या कोपऱ्यात, हे मला डोळे मिटून सापडायचं. सकाळी चहाचा कप घेऊन मी समोर बसायचो. काही करायचो नाही. नुसता बसायचो. हे मुलीला सांगितलं असतं तर ती पुढच्या विमानाने आली असती, म्हणून म्हणायचो, “बघू, घेऊ.”

मग एके दिवशी लॅपटॉपच्या पोटातून टक्, टक् असा आवाज यायला लागला आणि सकाळच्या चौकटीत नवीन मजकूर आला. डिस्क निकामी होण्याच्या बेतात आहे, त्वरित व्यवस्था करा. या चौकटीला ‘नंतर’ असं बटणच नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक साहेब राहतात. बॉयलर निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. जगात जे काही बिघडतं ते बॉयलरसारखंच बिघडतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांना बोलावलं. त्यांनी लॅपटॉपला कान लावला, बोटाने दोनदा ठोकून पाहिलं आणि निदान केलं, “बेअरिंग गेलंय.”

“याला बेअरिंग असतं?”

“फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला असतं. आतली डिस्क बदला. नाहीतर बसेल एक दिवस.” मग म्हणाले, “बंद करून चालू करून पाहिलंत का?”

“नाही.”

“का?”

“तशी इच्छा नाही,” मी म्हणालो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. विधुर असण्याचा एक फायदा असतो. माणसं विषय लवकर सोडतात.

मी शोधाशोध केली तेव्हा कळलं की डिस्कची प्रत करणारं एक सॉफ्टवेअर मिळतं. जुनी डिस्क आहे तशी उचलून नव्या डिस्कवर ठेवतं. वर्णन वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. ‘मूळ डिस्कची हुबेहूब प्रतिमा. एक बिंदूही इकडचा तिकडे होणार नाही.’ आता हा तर माझा विषय. शिवाय प्रत लॅपटॉप चालू असतानाच होते, बंद करावा लागत नाही, असंही लिहिलं होतं.

इथे मी जो विचार केला तो जसाच्या तसा नोंदवतो. मी म्हटलं, प्रतिमा म्हणजे फोटो. दार उघडं असताना फोटो काढला तर फोटोतलं दार उघडंच राहतं. लॅपटॉप आत्ता उघडा आहे. उघड्याची प्रत उघडीच होणार. एकतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने हा विचार केला आणि त्यावर मनातल्या मनात शिक्काही मारला.

नवी डिस्क आणायला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “लॅपटॉप घेऊन या, बघतो.”

“तो आणता येत नाही.”

“का?”

“बंद करावा लागेल.”

“मग करा की. बटण खराब आहे का?”

“बटण ठीक आहे.”

तो म्हणाला, “काका, बंद करून चालू केल्याशिवाय जगात काहीही दुरुस्त होत नाही.”

“मला डिस्क द्या,” मी म्हणालो. “आणि ती बाहेरून जोडायची वायर.”

त्याने आकार विचारला. मी म्हटलं, लहानशी द्या, घरगुती वापर आहे. त्याने दिली. घरी येऊन जोडली तर सॉफ्टवेअर म्हणालं की नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे, यात एवढं सामान मावणार नाही. परत दुकानात.

“पाकीट फोडलंय तुम्ही.”

“न फोडता कसं कळणार लहान आहे ते?”

“वर लिहिलंय ना, काका.”

लिहिलं होतं. ठळक लिहिलं होतं. बदलून घेण्यासाठी एक फॉर्म भरावा लागला. त्यात ‘बदलण्याचे कारण’ असा रकाना होता. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की रकाने खरे भरा, म्हणून लिहिलं: अज्ञान. दुकानदाराने ते वाचलं आणि मोठी डिस्क दिली. जाताना म्हणाला, “अडलं तर फोन करा, काका.” तेव्हा मला ते आगाऊपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कामाला सुरुवात केली. सॉफ्टवेअरने दोन डिस्का दाखवल्या आणि विचारलं, मूळ कोणती, प्रत कुठे करायची? खाली लाल अक्षरांत इशारा: दुसऱ्या डिस्कवरचं सर्व काही पुसलं जाईल. म्हणजे उलटं सांगितलं असतं तर रिकामी डिस्क हिच्या डिस्कवर छापली गेली असती. कोऱ्या कागदाची सत्यप्रत.

असा प्रसंग आला की मी एकच गोष्ट करतो, टिप्पणी लिहितो. कागद घेतला. ‘विषय: लॅपटॉपची डिस्क बदलणेबाबत. मूळ: आतील, जुनी. प्रत: बाहेरील, नवी. सादर.’ खाली सही केली. पण एकट्याच्या सहीवर असा मोठा निर्णय होत नसतो. वरच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी दोन्ही डिस्कांना हात लावून पाहिला, जुनी गरम आणि नवी गार असल्याची खात्री केली आणि ‘तपासले’ लिहून सही ठोकली. समोरच्या वहिनी वाटी परत करायला आल्या होत्या, त्यांनाही साक्षीदार केलं. त्यांनी लिहिलं, ‘वाचले. समजले नाही. सही करते.’ तिघांत हीच नोंद खरी होती.

मी बटण दाबलं. पडद्यावर आलं, शिल्लक वेळ तीन तास. पाच मिनिटांनी अकरा तास. मग दोन दिवस. मग चाळीस मिनिटं.

“याला काही ठरवता येत नाही वाटतं,” वहिनी म्हणाल्या.

“दाब अजून स्थिर झालेला नाही,” साहेब म्हणाले.

दोघंही जाईनात. साहेब खुर्ची ओढून बसले. वहिनींनी शेंगा आणल्या आणि माझ्याच टेबलावर सोलायला घेतल्या. मला खरं तर एकट्याला बसायचं होतं, पण सह्या घेतलेल्या माणसांना घालवता येत नाही. दर दहा टक्क्यांनी साहेब वेळ वहीत टिपून ठेवत होते. पन्नास टक्क्यांना मी चहा केला. साखर कुठल्या डब्यात आहे ते वहिनींनी मला सांगितलं. माझ्याच घरात.

दुपारी दोनला सत्त्याण्णव टक्के झाले आणि काटा थांबला. टक्-टक्सुद्धा थांबली. अर्धा तास गेला.

“ओढा वायर,” साहेब म्हणाले. “कोंडलेली वाफ सोडलीच पाहिजे.”

“हात लावू नका, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “शिजत आलेल्या भांड्याचं झाकण काढायचं नसतं.”

साहेब म्हणाले की तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. वहिनी म्हणाल्या की त्यांनीही केलं नाही, आणि त्यांचं एकदाही फुटलं नाही. दोघांच्या वादात मी कुणाचंच ऐकलं नाही, म्हणजे काहीच केलं नाही. माझ्या आयुष्यातले बरेचसे बरोबर निर्णय असेच झाले आहेत. साडेतीनला काटा हलला. शंभर.

आता जुनी काढून नवी बसवायची. त्यासाठी लॅपटॉप बंद करणं भाग होतं. हात बटणावर ठेवला आणि तसाच राहिला. साहेब म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही. चौदा महिने चालू आहे, म्हणून.” वहिनींच्या हातातली शेंग हातातच राहिली. मग मी फोटोतल्या उघड्या दाराचा विचार केला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला.

मागचे स्क्रू अकरा निघाले. ते हरवू नयेत म्हणून मी कागदावर लॅपटॉपची पाठ काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर ठेवत गेलो. साहेबांना नकाशा आवडला. नीट बघायला त्यांनी तो उचलला. दहा स्क्रू सापडले. अकरावा दुसऱ्या दिवशी वहिनींच्या शेंगदाण्यांत निघाला, पण त्याबद्दल त्या फार बोलल्या नाहीत.

नवी डिस्क बसली. झाकण लागलं. मी बटण दाबलं. पूर्वी याला सुरू व्हायला वीस मिनिटं लागायची. आता साहेबांच्या घड्याळाप्रमाणे अठरा सेकंद. टक्-टक् नाही, काही नाही. साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला. वहिनींनी टाळी वाजवली. पडद्यावर हिचं नाव आलं आणि नावाखाली एक रिकामी पट्टी.

पट्टीत एक रेघ उघडझाप करत होती.

“टाका,” साहेब म्हणाले.

“काय?”

“पासवर्ड.”

मी प्रत पाहिली. एका बिंदूचाही फरक नव्हता. मुळात कुलूप होतं, प्रतीतही कुलूप होतं. एकतीस वर्षांत इतकी खरी सत्यप्रत माझ्या हातून झाली नव्हती.

दोघं माझ्याकडे बघत होते. मी ताठ बसलो, डावा हात आडवा धरला, जसं काही फार खाजगी आहे, आणि मुलीची जन्मतारीख टाकली. चूक. लग्नाची तारीख टाकली. तीही चूक, आणि कदाचित तारीखच चुकली असेल. मग पट्टीखाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटली. हिने पासवर्ड विसरायला झाला तर म्हणून स्वतःसाठी लिहून ठेवलेली खूण. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली: दुपारी एक.

मी शून्य एक टाकलं. तेरा टाकलं. एक आणि दोन शून्यं टाकली. काही नाही.

“म्हणजे तुम्हाला माहीतच नाही,” साहेब म्हणाले. त्यांचा स्वर सहानुभूतीचा होता, त्यामुळे जास्त लागलं.

“विसरलो.”

“दुपारी एकला काय असायचं?”

“काय असणार? मी ऑफिसात असायचो. निवृत्त झाल्यावर जेवून झोपायचो.”

“म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही नव्हताच,” साहेब म्हणाले. निरीक्षक होते, निष्कर्ष काढल्याशिवाय राहवत नव्हतं.

वहिनींना माझी दया आली असावी. त्या म्हणाल्या, “तसलं काही मनात आणू नका. मी साक्षीला आहे. एकला त्या फोनवर असायच्या. मी कधी आले तर हातानेच खूण करायच्या, नंतर या म्हणून. चांगला अर्धा-पाऊण तास.”

“कुणाशी?”

“ते मी कसं विचारणार? पण हसत असायच्या. खूप हसायच्या.”

वहिनींना कळलं की मदत उलटी झाली आहे. त्यांनी शेंगांचं ताट उचललं. साहेबांनाही एकदम वर काहीतरी काम आठवलं.

मी मुलीला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “बाबा, दुकानवाला पासवर्ड उडवून देईल. दहा मिनिटांचं काम आहे. आईचं साठवलेलं थोडं जाईल, पडदा नव्याने लावावा लागेल, एवढंच.”

एवढंच. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “करून टाकू, काका. उद्या चारला येतो. सगळं फ्रेश करून देतो.”

म्हणजे मला उद्या चारपर्यंत वेळ होता. चारला तो हिच्या कपाटाचं कुलूप फोडणार आणि आतलं सगळं फ्रेश करणार.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. हे दुःखामुळे असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. ते मत्सरामुळे होतं. सहासष्ट वर्षांचं वय, दोन्ही गुडघे दुखरे, बायको जाऊन चौदा महिने झालेले, आणि मी कोपऱ्यातल्या टेलिफोनकडे संशयाने बघत बसलो होतो. माझ्याशी बोलताना ही हसायची, नाही असं नाही. पण पाऊण तास? माझ्याशी बोलून कुणालाही पाऊण तास हसू येणं शक्य नाही. हे मी स्वतःबद्दल खात्रीने सांगू शकतो. यादी केली. हिचा भाऊ? तो हसवणाऱ्यांतला नव्हे. दूधवाला? तो सकाळी येतो. यादी फाडली. स्वतःची लाज वाटली, मग परत तीच यादी केली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी लॅपटॉपच्या टेबलाशी जाऊन बसलो. काही सुचावं म्हणून नव्हे. एक वाजता घर कसं दिसतं ते मी कधी जागेपणी पाहिलं नव्हतं. ऊन टेलिफोनवर पडलं होतं. त्या ऊन पडलेल्या काळ्या फोनकडे बघता बघता मला दुसरा फोन आठवला. माझ्या ऑफिसच्या टेबलावरचा. तोही काळाच होता आणि एक वाजता वाजायचा.

रोज वाजायचा. मी उचलायचो. “जेवलात का?” “हो.” “डबा संपवलात?” “हो.” “बरं.” संपलं. चाळीस सेकंद. मी मनात म्हणायचो, हिला दुसरं काही सुचत नाही. इतकी वर्षं रोज झालेली गोष्ट मला आठवली नाही, कारण ती मी कधी गोष्ट म्हणून धरलीच नव्हती. कामातला व्यत्यय म्हणून धरली होती.

दुपारी एक म्हणजे मीच होतो. पण एवढा आनंद होऊनही पुढचं कोडं राहिलंच. एक वाजता ही ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर फोन करायची आणि तिथल्या बाईंना माझ्या टेबलाचा नंबर सांगायची. तो नंबरच पासवर्ड असणार. आणि तो मला माहीत नव्हता. स्वतःच्या टेबलावर माणूस कधी फोन लावत नाही.

ऑफिसला फोन केला. आस्थापनेतला एक जण म्हणाला, “जुने अंतर्गत क्रमांक असे तोंडी देता येत नाहीत. अर्ज करा.”

“माझाच क्रमांक आहे.”

“म्हणूनच. ओळखपत्राची सत्यप्रत जोडा.”

“सत्यप्रत करतं कोण तुमच्याकडे आता?”

“जागा रिक्त आहे,” तो म्हणाला. “तुम्ही गेल्यापासून.”

मग मी फोनशेजारची हिची वही काढली. ‘ऑ’ अक्षराखाली ऑफिसचा बोर्ड लिहिलेला, माझ्या टेबलाचा क्रमांक नाही. जो तोंडपाठ आहे तो कोण लिहून ठेवेल? पण त्याच्याखाली वेगळ्या शाईने आणखी एक ओळ होती. ‘बोर्डवाली, घरचा.’ घरचा नंबर हिच्याकडे कशाला, हे कळेना. बोर्डावरच्या त्या बाईंना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या तळमजल्यावर बसायच्या, मी तिसऱ्या. मला त्यांचा फक्त आवाज ठाऊक होता. माझ्या आधी एक वर्ष त्या निवृत्त झाल्या, त्या दिवशी वर्गणीच्या यादीवर मी सही केली होती.

मोबाइलवरून नंबर लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

“नमस्कार,” मी म्हणालो. “आपण मला ओळखणार नाही, मी अभिलेख...”

“तीन एक आठ,” त्या म्हणाल्या.

मी वहीत ‘ऑ’खाली तो आकडा लिहून घेतला.

“तीन एक आठ ना तुम्ही? आवाज तोच आहे. जरा खाली आलाय.” मग एकदम घाईने म्हणाल्या, “तिला द्या ना. चौदा महिने झाले तिचा फोन नाही. रागावली का माझ्यावर? मी दोनदा लावला तर तुम्ही उचलला, म्हणून ठेवून दिला. तुम्ही झोपमोड झाल्यासारखे बोलता.”

मी सांगितलं. कशाने, केव्हा, किती दिवस दवाखान्यात होती. अहवाल वाचावा तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या प्रकारे मला ते सांगता येत नाही.

त्या म्हणाल्या, “मला कुणी कळवलं नाही.”

“तुम्हाला कळवायचं असतं हे मला माहीत नव्हतं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कसं असणार?” त्यात टोमणा नव्हता. “आठवड्यातून तीनदा तरी तुम्ही म्हणायचात, सांगा कामात आहे. आठवतं?”

“हो.”

“मी तिला ते कधी सांगितलं नाही. म्हणायचे, लाइन बिझी आहे, जरा थांब. मग ती थांबायची आणि माझ्याशीच बोलत बसायची. नंतर नंतर तर आधी माझ्याशी बोलायची आणि शेवटी म्हणायची, चल, दे आता तीन एक आठ, जेवलेत का बघते. मी निवृत्त झाले तरी एकचा फोन चुकला नाही. मग तुम्ही पण घरी आलात. तुम्ही झोपलात की लावायची.”

“खूप हसायची म्हणे.”

“तुमच्यावरच हसायचो आम्ही,” त्या म्हणाल्या. “जास्त करून.”

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की ते नीट सांगता येणार नाही.

मी मोबाइल कानाला तसाच धरून एका बोटाने तीन, एक, आठ दाबलं. पट्टी गेली. पडदा उजळला आणि दीडशे फोल्डर जिथल्या तिथे येऊन बसले.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“तिचा लॅपटॉप उघडला.”

“काय आहे त्यात?”

“फोल्डर आहेत. दीडशेच्या वर.”

“वाचा,” त्या म्हणाल्या.

मी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचायला लागलो. मुलीचा पत्ता. मुलीचा पत्ता नवा. मुलीचा पत्ता खरंच नवा. यांचे दात. गॅस. नको असलेलं. नको असलेलं पण राहू दे. बोर्डवालीचा स्वेटर.

“काय म्हणालात?”

“बोर्डवालीचा स्वेटर. उघडू का?”

“उघडा.”

उघडला. मापं होती, एका निळ्या लोकरीचा फोटो होता आणि किती टाके झाले त्याची तारखेवार नोंद होती. शेवटची तारीख दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाची. मी ती मापं एकेक करून वाचली. खांदा, छाती, बाही. वाचताना पट्टी धरल्यासारखं बोट पडद्यावर धरलं होतं.

“बाही चुकलीय,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “मी तिला सांगितलं होतं दोन बोटं जास्त घे. ऐकायची नाही.”

“नाही ऐकायची,” मी म्हणालो.

“जरा थांबता का? दूध ठेवलंय, ते बंद करून येते. मला सगळं ऐकायचंय. दीडशे म्हणालात ना? ठेवू नका हं फोन.”

“नाही ठेवत,” मी म्हणालो. “मी कामात नाही.”